आंदांते नावाची बाई

इटलीतल्या सान वितो गावात इल्दा राबाल्या कुठं राहते असं विचारलंत, तर पोस्टमनसुद्धा डोकं खाजवेल. 'आंदांते कुठं राहते?' असं विचारा. मग कुणीही चीजच्या कारखान्यामागचं हिरवं दार दाखवेल.

हे नाव तिला सोळाव्या वर्षी चिकटलं. तेव्हा ती कापडाच्या दुकानात कामाला होती, आणि दुकानाच्या भाषेत आंदांते म्हणजे साधा, रोजच्या वापरातला, स्वस्तातला माल. पोरीचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून गावच्या बँडच्या त्या वेळच्या मास्तरांनी एका रचनेची वही तिच्या हाती दिली. प्रत्येक वादकाला त्याच्यापुरता सुटा कागद उतरवून द्यायचा होता. वहीच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'आंदांते'. इल्दानं समजूतदारपणे मान डोलावली आणि सगळं काम खाटकाच्या पुडीच्या कागदावर उरकलं. शाई फुटली ती फुटलीच.

तालमीत ट्रॉम्बोनवाल्या आर्जेओ लोहारानं आपला कागद उंच धरला. "मास्तर, माझ्या कागदावर माश्या बसल्यात. वाजवू का हाकलू?"

"अगं पोरी," मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "आंदांते म्हणजे चालत्या लयीत वाजवा. स्वस्तातला कागद घ्या असं नव्हे!"

हसून हसून लोकांच्या पोटात दुखलं. आर्जेओनं तिथल्या तिथं बारसं उरकलं, आणि त्या दिवसापासून ती आंदांते झाली.

दुसरी असती तर पुन्हा त्या बँडचं तोंड पाहिलं नसतं. इल्दा हट्टाला पेटली. पुन्हा आपल्यावर कुणी हसता कामा नये, म्हणून तिनं संगीतातला एकेक शब्द पाठ केला. बँडसाठी सुरांच्या कागदांच्या नकला करण्याचं काम तिनं पुढं चाळीस वर्षं सोडलं नाही. पाच टोकांच्या टाकानं एका दमात पाच रेघा ओढायची, त्या वाळू द्यायची, मग सूर मांडायची. चर्चच्या माळ्यावरचे जुने कागदही तिनंच उतरवून काढले. तीनशे वर्षांपूर्वीच्या प्रार्थनासंगीतावर सूचनेचा एकही शब्द नव्हता. ना हळू, ना जोरात. पुढच्या शतकात कुठंमुठं 'पियानो' आणि 'फोर्ते' दिसू लागले, हळू आणि जोरात. आणि ऑपेराच्या दिवसांत तर 'हताश होऊन', 'मरत मरत' असल्या सूचनांनी कागद भरून गेले.

"जुने लोक वाजवणाऱ्यावर विश्वास ठेवायचे," इल्दा म्हणे. "पुढचे सासूसारखे. मीठ किती टाकायचं ते चुलीपाशी उभं राहून सांगणार. आणि जर्मनांनी आपले शब्द उचलून नेले, पण वापरायचे कसे ते विचारायला कुणी थांबलं नाही."

तिचा स्वतःचा नेम एकच होता. वहीत आहे ते उतरवायचं. एक टिंब कमी नाही, एक टिंब जास्त नाही. चाळीस वर्षांत तो मोडला नव्हता.

बासष्ट साली लाम्बेर्तो ग्रिझांती हे नवे मास्तर आले. चौतिशीचे, जन्मानं इथलेच, पण जर्मनीत शिकून आलेले, मनानं वाईट नव्हते, पण विद्या अजून अंगात मुरायची होती. जूनमधल्या उत्सवासाठी त्यांनी एका जुन्या सिंफनीतला आंदांते निवडला, त्यातली मुख्य धून ट्रॉम्बोनला दिली, आणि अशा लयीत काठी हलवू लागले की दोन ठोक्यांमध्ये माणसानं जेवून यावं.

आर्जेओ आता एकाहत्तरचा होता. धून लांबलचक, आणि मध्यावर त्याचा श्वास तुटायचा. एकदा तुटला, दोनदा तुटला, तिसऱ्यांदा मास्तरांनी काठी खाली ठेवली. "शुक्रवारी शेवटची तालीम. तेव्हाही जमलं नाही, तर पार्माहून वादक आणतो. तुम्ही उत्सवात पहिल्या रांगेत बसा, आजोबा, मान तुमचाच."

आर्जेओनं ट्रॉम्बोन पुसला, पेटीत ठेवला. उभा जन्म ज्यानं दुसऱ्याची टोपी उडवली, तो असा मुकाट झालेला इल्दाला बघवेना. बायको गेल्यापासून तो आठवड्यातल्या तालमीच्या दोन दिवशीच दाढी करायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बँड गेला की तेही जाणार होतं.

तिनं मास्तरांना जिन्यात गाठलं. "मास्तर, आंदांते चालतो. तुमचा उभा आहे."

"सिन्योरा, तुम्ही नकला छान करता," मास्तर हसून म्हणाले. "संगीताचं माझ्यावर सोडा. शुक्रवारपर्यंत स्वच्छ कागद हवेत."

झालं. बाई घरी आल्या, दिवसाउजेडी खिडकीशी बसल्या, आणि चाळीस वर्षांचा नेम मोडून बसल्या. एकवीस कागदांवर, 'आंदांते'च्या खाली, बारीक मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं, 'चाला हो, उभे राहू नका.' पहिल्या कागदावर लिहिण्याआधी टाक दोनदा पुसला. विसाव्यापर्यंत मजा यायला लागली होती.

शुक्रवारी चीजच्या कारखान्यावरच्या तालमीच्या खोलीत, खालून येणाऱ्या ताकाच्या वासात, वादकांनी कागद उघडले. कुणी खोकलं, कुणी मिशीत हसलं. मास्तरांची काठी हलली आणि एकवीस माणसं तिच्या पुढं चालू लागली.

"थांबा! हे कुठं चाललाय तुम्ही?" मास्तरांनी एक कागद ओढून घेतला. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. "हे कुणी लिहिलं?"

"मी," दारापाशी इल्दा उभी होती. "लिहायला नको होतं. पण मास्तर, तुम्ही जन्माचे इथले. तिथून माझ्यापर्यंत चालत या, आणि मग मला 'आंदांते' जर्मन शब्द म्हणून शिकवा."

मास्तर तरातरा निघाले. ढोलवाल्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं पावलागणिक ठोका धरला.

"हा तर पळता आलेग्रो झाला," आर्जेओ कोपऱ्यातून म्हणाला. आठवडाभरात तो पहिल्यांदा बोलला होता. "तोही रागावलेला."

खोली हसली. मास्तर मध्येच थांबले. आता हा माणूस भडकतो का हसतो, असा एक क्षण गेला. मग त्यांच्याच ओठाचा कोपरा हलला.

"परत जा," इल्दा आता मऊपणे म्हणाली. "रविवार आहे. आईच्या हातचे भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली पोटभर खाल्लेत आणि चौकात निघालात. आता या."

मास्तर परत गेले, आणि चालत आले. ढोलाचा ठोका खाली शांत, भरल्या पोटाचा. तिच्यापर्यंत येऊन ते थांबले.

"दहा वर्षं शिकलो," ते हळूच म्हणाले. "घरचाच शब्द विसरलो." मग वळून काठी उचलली. "आजोबा, पहिल्यापासून."

धून निघाली, मध्य ओलांडला, आणि आर्जेओचा श्वास पुरला. शेवटी थोडा उरलासुद्धा. मास्तरांनी कागद कुणालाच बदलू दिले नाहीत. ते शब्द आजही तिथंच आहेत.

उत्सवाच्या संध्याकाळी टाळ्या संपल्यावर आर्जेओ, दाढी गुळगुळीत, दोन पेले लाम्ब्रुस्को वाइन घेऊन तिच्या टेबलापाशी आला.

"इल्दा," तो म्हणाला.

चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून हे नाव कधी आलं नव्हतं. तिनं मागं वळून पाहिलं, कुणाला हाक मारतोय म्हणून.

"तुलाच म्हणतोय. त्या माश्यांचं... मी उगाच..."

"गप रे." तिनं पेला घेतला. डोळे भरून आले होते, आणि तिनं ते पुसले नाहीत. "इल्दा कोण? आंदांतेच म्हण. त्यात दम पुरतो."