रेशनच्या पावतीवरचा अंगठा

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. धुळ्याला पोलिसांच्या ठसे विभागात आयुष्य गेलं. बोटांचे ठसे खोटं बोलत नाहीत, हे कोर्टात इतक्यांदा सांगितलंय की झोपेतसुद्धा म्हणेन. आता निवृत्त होऊन जळगावला मेहरूणमध्ये राहतो. हा प्रकार मागच्या उन्हाळ्यातला आहे आणि आजही आठवला की माझं डोकं फिरतं... भीतीने नाही, रागाने.

आमच्या भिंतीला लागून सुमनअक्कांची पत्र्याची खोली आहे. माहेर दोंडाईचाकडचं, बोली अहिराणी, जन्म डाळ मिलमध्ये डाळ निवडण्यात गेला. त्यांचे यजमान सुपडूनाना केळीच्या कटाईला जायचे. ते वारले त्याला वर्ष होऊन गेलं होतं. मूलबाळ नाही.

एका सकाळी अक्का हातात नोटीस घेऊन माझ्या दारात. मृत सदस्याच्या अंगठ्यावर धान्य उचलल्याबद्दल रेशन कार्ड रद्द का करू नये, खुलासा द्या!

"अक्का, हे काय?"

"माले काय माहीत भाऊ! त्या दिन मी दुकानवर पायबी नही ठेवा. मन्हा अंगठा मशीनवर लागसच नही ना."

तेव्हा मला कळलं. तीन महिने अक्कांचा अंगठा मशीनवर लागत नव्हता. दर महिन्याला रांगेत उभं राहायचं, अंगठा पुसायचा, पुन्हा लावायचा आणि रिकामी पिशवी घेऊन परत यायचं. इतकी वर्षं डाळ निवडणाऱ्या बाईच्या बोटावर रेषा उरतील कुठून? मग एक दिवस दुपारी दार उघडलं तर उंबऱ्यावर गहू-तांदळाची पिशवी, तिच्या तोंडाशी खोचलेली पावती. "म्हटलं, दुकानदारले दया उनी व्हई," अक्का म्हणाल्या. त्यांनी धान्य डब्यात भरलं आणि पावती न वाचताच देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली.

पावतीवर नाव होतं नानांचं.

माझा पारा चढला. मृत्यूचा दाखला अक्कांनी वर्षापूर्वीच दिला होता. "बठ्ठा कागद दिधात मी," त्या सांगत होत्या. नाव कमी केलं नाही ते ऑफिसने, आणि नोटीस अक्कांना? मी ठरवलं, दुकानदाराला धरायचा. रबराचा अंगठा बनवून धान्य लाटायचे प्रकार मी नोकरीत पाहिलेत. घबराट झाली म्हणून एक पिशवी हिच्या दारात टाकली असेल... असा माझा सरळ हिशोब.

रेशनची पावती म्हणजे उष्णतेने उमटणारा कागद. त्यावर शाई नसतेच. नेहमीचं रसायन लावलं तर अख्खा कागद काळा पडतो. पण हलकी गरम हवा दिली तर घाम लागलेली जागा आधी काळी होते, कागद मागाहून. क्षणभराचा खेळ असतो. मी अक्कांकडून पावती मागून घेतली आणि मुलीचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन स्वयंपाकघरात ओट्याशी बसलो.

कोपऱ्यात अर्धवट बोट उमटलं. ते दुकानदाराचं, पुढे मी जुळवून पाहिलं. खाली एक गुळगुळीत डाग, रेषा नसलेला. त्या अक्का. आणि मधोमध... एक अख्खा अंगठा, रेष न् रेष. भिंगाखाली घामाची छिद्रंसुद्धा दिसत होती. रबराला घाम येत नाही हो! अंगठ्याच्या पोटावर आडवा एक पांढरा चर होता, जुन्या जखमेचा.

अक्कांकडे कार्डाच्या जुन्या अर्जाची प्रत होती, त्यावर नानांचा शाईचा अंगठा. मी रेषा जुळवायला बसलो. तीनदा जुळवल्या. तोच अंगठा. फक्त शाईच्या ठशावर तो चर नव्हता.

मी अक्कांना काहीच दाखवलं नाही. सहज विचारलं, "नानांच्या हाताला कधी लागलं होतं का?"

"लागनं व्हतं ना! शेवटना साले. केळी कापतांना इळा लागना," असं म्हणत त्यांनी स्वतःच्या अंगठ्यावर आडवी रेघ ओढली. "आठे."

नेमकी तीच जागा. जुन्या अर्जावरून कोणी नक्कल केली म्हणावं, तर हा चर आला कुठून?

मी तडक दुकानात गेलो. दुकानदार नवा, नानांना त्याने कधी पाहिलेलं नाही. "साहेब, टोपीवाला म्हातारा होता. दुपारची वेळ, शटर अर्धं खाली ओढलं होतं. अंगठा पहिल्या झटक्यात लागला, म्हणून लक्षात आहे. आमच्याकडे म्हाताऱ्यांचा असा लागत नाही कोणाचा." मी मोबाईलवर नानांचा फोटो दाखवला. त्याने तो बघितला आणि मोबाईल माझ्या हातात परत दिला. मग म्हणाला, "मला यात ओढू नका साहेब."

पुरवठा ऑफिसला अक्कांसोबत मीच गेलो. साहेब म्हणाले, "मशीन चुकत नाही." अक्का टेबलापुढे उभ्या. त्यांना बसा म्हणायचीसुद्धा कोणाला आठवण नाही. "मी जित्ती शे ना साहेब," त्या म्हणाल्या, "मंग मन्हा अंगठा का बरं लागस नही?"

साहेबांनी पुढची फाईल ओढली. मी लेखी दिलं की पावतीवरचा अंगठा या बाईंचा नाही.

"मग कोणाचा?"

"ओळख पटली नाही," मी म्हणालो. आयुष्यात ठशांबद्दल पहिल्यांदा खोटं बोललो. खरं बोललो असतो तर अक्कांचं कार्ड गेलं असतं आणि मला वेड्यात काढलं असतं.

नोटीस मागे घेतली. जाता जाता कारकून म्हणतो कसा, "अंगठा लागत नसेल तर मोबाईलवर नंबर पाठवून धान्य देता येतं, माहीत नाही का?" मी ओरडलो त्याच्यावर! तीन महिने हे कोणी का नाही सांगितलं? तो शांतपणे म्हणाला, "त्यांनी विचारलं नाही."

घरी आल्यावर मी अक्कांना पावती दाखवली. त्यांनी त्या चरावर बोट ठेवलं. "हाऊ त्यासनाच अंगठा शे," एवढंच बोलल्या. घाबरल्या मात्र अजिबात नाहीत.

काय घडलं ते मला आजही सांगता येत नाही. कोणाला शास्त्रीय कारण माहीत असेल तर जरूर सांगा, मी ऐकेन. पण माझा राग त्या प्रकारावर नाही. तीन महिने ती बाई रिकामी पिशवी घेऊन माझ्या दारावरून जात होती, आणि अंगठ्यांवर जन्म काढलेला माणूस आत पंख्याखाली पेपर वाचत होता. शेवटी नाना आले. मी भिंतीपलीकडे असून गेलो नव्हतो.