पहिल्या बाटलीचं गाऱ्हाणं

बिअरच्या रिकाम्या बाटल्या भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र कोणी नेत नाही! ते आपल्याच घरात साठत राहतात, आणि ऐकणारी माणसं कमी झाली की त्यांचा ढीग उगाच मोठा दिसायला लागतो. माझं सध्या तसंच झालंय. म्हटलं, सांगून टाकावेत.

आमची बैठक तिघांची. मी, शाळेतून रिटायर झालेला ड्रॉइंग मास्तर. विलास सावंत, माझा वर्गमित्र आणि आंबा बागायतदार. आणि मयेकर, मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवाल्यांना बर्फ पुरवणारा. बैठक माझ्याच पडवीत बसायची, कारण मी लग्न केलं नाही. घरात "शी, कसला हा वास!" म्हणणारं कोणी नव्हतं. तेव्हा ते सोयीचं वाटायचं.

आमचा ध्यास एकच. उन्हाळ्यात चांगली बिअर मिळवायची, आणि ती थंड मिळवायची! रत्नागिरीच्या मे महिन्यात आंघोळ करून टॉवेलने अंग पुसावं, तर तो टॉवेल खुंटीवर टाकेपर्यंत पाठ पुन्हा भिजलेली असते. बिअर शॉपीत बिअर ढिगाने असते. थंड मिळेल तर शपथ!

* * *

बिअर शॉपीवाला संजू माझा माजी विद्यार्थी. एकदा विलासने काउंटरवर विचारलं, "थंड हाय काय रे?"

"बाहेरून थंड आहे, काका."

"म्हंजे?"

"फ्रीज सकाळपासून बंद पडलाय. ओलं फडकं फिरवून ठेवलंय. गिऱ्हाइकाला हाताला बरं वाटतं!"

पण संजूला गुरूबद्दल आदर फार. सरांच्या हातात बाटली दिसू नये म्हणून तो ती ड्रॉइंग पेपरात गुंडाळून, वर रबर लावून द्यायचा. रस्त्यातून जाताना वाटावं, मास्तर निसर्गचित्र घेऊन निघालेत.

माझ्या शेजारी लिमये वहिनी राहतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही मुलं परदेशात. त्यांची खिडकी बरोबर माझ्या पडवीसमोर. एकदा त्यांनी मला फाटकातच गाठलं.

"मास्तर, अजून चित्रं काढता वाटतं?"

"हो, वेळ मिळाला की काढतो थोडीफार."

वहिनींनी गुंडाळीकडे नीट पाहिलं. "समुद्राचं दिसतंय. पाणी गळतंय खालून!"

* * *

आता गाऱ्हाण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण त्याशिवाय आमच्याकडे बाटली उघडत नसे.

आमच्याकडे गावात कुठलंही कार्य असलं की एक जाणता माणूस देवापुढे उभा राहून मोठ्याने मागणं मागतो. प्रत्येक मागण्यानंतर बाकीचे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" त्याशिवाय ते मागणं पुरं होत नाही. विलासच्या घराण्याकडे गावच्या गाऱ्हाण्याचा मान होता. आवाज असा, की आंब्यावरची माकडं खाली उतरावीत.

एका उन्हाळ्यात मोसमातली पहिली बिअर आणली आणि फ्रीजमध्ये ठेवल्याठेवल्या लाईट गेली. तास झाला, दोन झाले. शेवटी विलास उठला, बाटल्या पडवीच्या कठड्यावर मांडल्यान आणि हात जोडून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! बारा वाडीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि मयेकर.

"ह्या लेकरांनी आज बाटल्या आणल्यानी हायत, त्या थंड होवंदेत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गेलेली लाईट माघारी येवंदे, आनि ज्यानं ती घालवलीन त्याच्या घरातली जावंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि लाईट आली! खोटं सांगत नाही. पंखा फिरला, फ्रीज गुरगुरला आणि त्याच क्षणी लिमये वहिनींची खिडकी धाडकन बंद झाली.

तेव्हापासून नियमच पडला. मोसमातली पहिली बाटली गाऱ्हाण्याशिवाय उघडायची नाही. पहिला घोट माडाच्या बुंध्याला, मग आपल्याला. आणि दरवर्षी, अगदी न चुकता, खिडकी धाडकन! मयेकर म्हणायचा, "देवाला पोचल्याची पावती आली रे!"

* * *

मयेकराकडे बर्फाचा डोंगर असताना आम्ही फ्रीजच्या मागे का लागलो, असं तुम्ही विचाराल. आम्हीही एका वर्षी तेच विचारलं. दुसऱ्याच दिवशी तो मासळीचा क्रेट भरून बर्फाचा चुरा घेऊन आला. बाटल्या गळ्यापर्यंत पुरल्या. अर्ध्या तासात बिअर अशी थंड झाली की दात ठणकले. आयुष्यात तितकी थंड बिअर मी प्यायलेलो नाही.

फक्त क्रेट बांगड्यांचा होता, आणि त्याने तो धुतला नव्हता.

विलासने पहिला घोट घेतलान आणि डोळे मिटून बसला. "मयेकरा, चाखण्याचा खर्च वाचवलास बघ!"

बर्फ वितळून पाणी अंगणात गेलं. लिमये वहिनींची मांजर, मनी, आली आणि ते पाणी मन लावून चाटत बसली. आम्हाला कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनी फाटकात हजर!

"मास्तर, काय पाजलंत माझ्या मनीला? दुधाला तोंड लावत नाहीये!"

* * *

मग शहरात चांगल्या बिअरची लाट आली. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर एक नवं हॉटेल झालं होतं, तिथे म्हणे तऱ्हेतऱ्हेची बिअर मिळते. आम्ही इस्त्रीचे शर्ट घालून गेलो. वेटरने मेनू कार्ड दिलं आणि एकेक समजावून सांगायला लागला. ही कडू, ही फळांची, ही कॉफीची, आणि ही गव्हाची.

"गव्हाची?" मयेकर चमकला. "तांदळाची नाय काय?"

"नाही सर. पण ही आमची स्पेशल आहे."

"बाबा, आमी कोकणातली मानसं. पोळी सणाला खातो. रोजच्याला भात लागतो!"

वेटर बिचारा आत विचारायला गेला. बिअर खरंच छान होती, थंडही होती. पण विलासला तिथे गाऱ्हाणं घालायला संकोच वाटला.

* * *

विलासच्या विहिरीचा किस्सा तर अख्ख्या आळीला पाठ आहे.

वादळात खांब पडले आणि आठवडाभर लाईट नव्हती. विलास म्हणाला, "बागेतल्या विहिरीचं पाणी बर्फासारखं हाय." म्हणून बाटल्या मयेकराच्या जुन्या जाळ्यात बांधल्या आणि सुंभाने विहिरीत सोडल्या. संध्याकाळी ओढायला गेलो, तर हातात नुसता सुंभ आला. गाठ ड्रॉइंग मास्तराने मारली होती!

पुढच्या वर्षी विहिरीचा गाळ काढताना बाटल्या वर आल्या. लेबलं कुजून गेलेली. नेमके विलासचे वडील, आबा, काठावर उभे. आबा माळकरी. घरात कांदासुद्धा चोरून आणायला लागायचा.

"काय रं हे?"

विलासच्या तोंडून निघून गेलं, "फवारणीचं औषध हाय, आबा."

आबा काटकसरी. औषध फुकट कसं घालवायचं? दुसऱ्या दिवशी विलास बाजारात गेलेला बघून त्यांनी सगळ्या बाटल्या पंपात ओतल्यानी आणि विहिरीच्या पायरीजवळच्या आंब्याच्या कलमावर मारल्यानी. कशाने ते देव जाणे, पण त्या हंगामात बागेत सगळ्यांत दाट मोहोर त्याच कलमाला आला!

पुढे दोन वर्षं आबा रत्नागिरीतल्या प्रत्येक औषधाच्या दुकानात जाऊन विचारत होते, "ते फेसवालं हाय काय हो?"

* * *

विलास त्याच बागेत गेला. पौषातली गोष्ट. कलमाखाली पालापाचोळा गोळा करत होता, छातीत दुखतंय म्हणाला आणि बसला. उठलाच नाही.

त्या मे महिन्यात मी आणि मयेकर दोघेच. गाऱ्हाणं कोणी घालायचं? मयेकर म्हणाला, "मास्तर, तू घाल. तुला बोलायची सवय हाय." मी घातलं. माझा आवाज शाळेत मागच्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. मयेकर एकटाच "व्हय म्हाराजा" म्हणाला, दोघांच्या वाटचं. खिडकी धाडकन बंद झाली तेव्हा आम्हाला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मग मयेकराचे गुडघे गेले. मुलगी येऊन त्याला डोंबिवलीला घेऊन गेली. बर्फाचा धंदा पुतण्याकडे. निघताना म्हणाला, "मे महिन्यात फोन कर. तिथून म्हनतो."

* * *

यंदा उन्हाळा लवकर तापला. मी संजूच्या शॉपीत गेलो. फ्रीज नवा होता, बिअर कडक थंड.

"किती देऊ, सर?"

"एक."

"एकच?" त्याने ड्रॉइंग पेपर काढला आणि बाटली सावकाश गुंडाळलीन. रबर मात्र दोन लावलेन.

चांगली बिअर, थंड बिअर, लाईटही होती. जन्मभर ज्याच्या मागे लागलो ते सगळं एकदम हातात आलं, आणि प्यायला मी एकटा! खोटं कशाला बोलू, घर खायला उठतं हल्ली. दुपारी तर स्वतःचा आवाज ऐकायला मी कॅलेंडर मोठ्याने वाचतो.

मयेकराला व्हिडिओ कॉल लावला. तो गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली बसला होता, डोक्यावर कोणाचा तरी टॉवेल लोंबत होता.

"हळू बोल मेल्या, नातू झोपलाय."

मी हळू आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा..."

"व्ह..." म्हणाला आणि चित्र थांबलं. तोंड उघडं ते उघडंच. रेंज गेली ती गेलीच. अर्धं गाऱ्हाणं देवापर्यंत कसं जायचं? मी बाटली परत फ्रीजमध्ये ठेवली.

ती बाटली तशीच राहिली. रोज संध्याकाळी फ्रीज उघडायचा, तिच्याकडे बघायचं आणि पाण्याची बाटली काढायची. संजूने एकदा रस्त्यात विचारलंसुद्धा, "सर, कशी होती?" मी म्हटलं, "अजून उघडली नाही." त्याला वाटलं, मास्तरांनी पिणं सोडलानी!

* * *

परवाच्या संध्याकाळी उकाडा असह्य झाला. वाऱ्याचा पत्ता नाही, माडाची झावळी हलत नव्हती. आणि त्यात लाईट गेली. मनात आलं, आता ही बाटली गरम होणार, मग टाकूनच द्यावी लागणार.

मी ती बाहेर आणली, पडवीच्या कठड्यावर ठेवली आणि तिच्यासमोर उभा राहिलो. वहिनींची खिडकी उघडी होती. आत अंधार. मनी कठड्यावर येऊन बसली. मला माझीच लाज वाटली, पण हात जोडले.

"बा देवा म्हाराजा. बारा वाडीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा."

सवयीने थांबलो. कोणी काही बोललं नाही.

"विलास जिथे असेल तिथे त्याला थंड मिळूंदे म्हाराजा."

पुन्हा थांबलो. मनीने कान हलवला.

"मयेकराच्या गुडघ्यांना बळ येवंदे म्हाराजा."

समोर खिडकीची कडी वाजली. म्हटलं, आता ही धाडकन बंद होणार. त्याआधी उरकावं म्हणून जे तोंडात आलं ते बोलून गेलो, आणि तेही, काय सांगू, विलासच्या आवाजात.

"आनि म्हाराजा, पुढल्या उन्हाळ्याला ह्या पडवीत माझ्यासंगती कोनतरी बसूंदे म्हाराजा!"

मी डोळे मिटून खिडकीच्या आवाजाची वाट बघत राहिलो. खिडकी वाजली नाही. आत कोणीतरी खाकरलं, घसा साफ केला, आणि मग लिमये वहिनी खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"व्हय म्हाराजा!"