आबांचा फेटा आणि पाच मिनिटांची शांतता

सत्तरच्या दशकात आम्ही काही मित्रांनी सांगलीच्या नाट्यगृहात नव्या नाटकांचा एक हंगाम केला. चार महिने, चार नाटकं, चारही न कळणारी. आमचा दिग्दर्शक कॉलेजात इंग्रजी शिकवायचा आणि दाढी राखून होता. नाटकात गाणं नको, पडदा नको, प्रॉम्प्टर तर नकोच, असा त्याचा खाक्या. नाट्यगृहाचा व्यवस्थापक बिचारा रोज विचारायचा, "पेटीवाले कधी येणार?"

माझं मात्र सगळंच या हंगामावर अडकलं होतं. बी.कॉम. होऊन मी नाटकापायी सांगलीत राहिलो होतो आणि आष्ट्याला आबा, म्हणजे माझे वडील, मला उसाच्या रानात परत न्यायला टपले होते. पलटणीतून सुभेदार होऊन आलेला माणूस. त्यांनी हुकूम सोडला, "एक नाटक बघतो. पटलं तर जलमभर कर. न्हाई पटलं, तर दुसऱ्या दिशी पाण्याची मोटार चालू करायला रानात हजर."

आबांना नाटक म्हणजे गावच्या जत्रेतलं ठाऊक. तिथं नट भाषण विसरला की काय करायचं, हे सगळ्या गावाला पाठ होतं. पुढच्या रांगेतला कुणी वडीलधारा उठायचा, स्टेजवर चढायचा आणि नटाला फेटा बांधून नारळ द्यायचा. तेवढ्यात आतला प्रॉम्प्टर पान शोधायचा आणि नटाच्या कानावर वाक्य घालायचा. विसरणाऱ्याची अब्रू सत्काराखाली झाकून जायची. म्हणून आमच्याकडं घरातला माणूस नाटकात असला की पिशवीत फेटा आणि नारळ घेतल्याशिवाय कुणी निघत नसे.

आणि आबा बघायला येणार होते, त्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात मी ट्रंकेवर पाच मिनिटं गप्प बसायचो. त्यातून माणसाचं एकटेपण दिसतं, असं दिग्दर्शक म्हणायचा. हे आबांना आधी सांगायची बुद्धी मला झाली नाही.

सांगलीच्या प्रयोगाला मी ट्रंकेवर बसलो. पहिल्या मिनिटाला लोक खोकले. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी शेंगा सोलायला लागलं. तिसऱ्या मिनिटाला तिसऱ्या रांगेत आबांनी पिशवी उघडली. डोळ्यांनी खुणावावं, तर बुबुळसुद्धा हलवायचं नाही अशी दिग्दर्शकाची ताकीद. आबा करकर वहाणा वाजवत स्टेजवर आले आणि कानाशी वाकून म्हणाले, "घाबरू नगंस. मी सावकाश बांधतो. तवर आठव."

फेटा त्यांनी तीनदा मुद्दाम सोडला आणि तीनदा बांधला. मध्येच विंगेकडं बघून ओरडले, "आवं मास्तर, पान गावलं का न्हाई?" पाच मिनिटं संपली. डोक्याला फेटा, हातात नारळ आणि मला वाक्य होतं, "इतका वेळ झाला, माझ्याकडं कुणीच आलं नाही."

आबा दुखावून म्हणाले, "आन् मी कोण?"

नाट्यगृह हसून लोळलं. मला संताप आला होता, लाज वाटत होती, आणि या माणसानं माझ्यासाठी चारशे लोकांपुढं वहाणा वाजवल्या म्हणून डोक्यावरचा फेटा काढवतही नव्हता. नंतर आत मी सांगितलं, "आबा, मी विसरलो नव्हतो. गप्पच बसायचं होतं."

"पाच मिन्टं? तिकीट लावून?"

"व्हय."

आबांनी विचार केला. "मग म्या नाटक बघितलंच न्हाई. मधी मीच हुबा हुतो. फुडला प्रयोग साताऱ्याला हाय न्हवं? तिथं बघतो, तवा ठरवू."

साताऱ्याला ते जीपभर भावकी घेऊन आले. कुणी हलायचं नाही, असं सगळ्यांना बजावलेलं. पिशवी तेवढी मांडीवर होती. मी ट्रंकेवर बसलो, पाच मिनिटं झाली, तोंड उघडलं आणि वाक्य गायब. कानात नुसतं "आन् मी कोण?" घुमत होतं. विंगेतून दिग्दर्शक फिसफिसत होता, त्यातला एक शब्द ऐकू येईल तर शपथ. सगळी शिस्त मोडून मी आबांकडं बघितलं. हात डोक्याभोवती फिरवून फेटा बांधायची खूणही केली. आबांनी कौतुकानं मान डोलावली. शेजारचा चुलता उठायला लागला, तर त्याला धोतराला धरून खाली बसवला, "बस गप. नाटक हाय त्ये."

शेवटी दिग्दर्शकानं कंटाळून दिवे घालवले.

आबा आत आले. डोळे लाल. "सांगलीला पाचच मिन्टं बसलास. आज अकरा. म्या घड्याळ लावलं हुतं." मग पिशवीतून फेटा काढत म्हणाले, "बर्फात पहाऱ्याला हुबा असायचो, तवा असंच व्हायचं बघ. कुणीतरी यावं वाटायचं, आन् कुणी येत नसायचं. ह्ये तुला कुणी सांगितलं रं? कर गड्या नाटक. जलमभर कर."

मी मान खाली घालून फेटा बांधून घेतला. वाक्य विसरलो होतो, हे त्यांना कधीच सांगितलं नाही.