लांब मण्याची काडी

माळावरच्या रानात ड्रॅगन फ्रूट लावायचं नाथाजीने ठरवलं आणि भावाची द्राक्षबाग जेसीबीने उपटून टाकली. भाऊ जोतीराम पावसाळ्यातच गेला होता. त्याची बायको अंजना धावत पोचली तेव्हा बागेतली ती खुणेची वेलही आडवी झालेली. त्या एकीलाच एका वर्षी अचानक बोटभर लांब मणी लागले होते. जोतीरामने खूण म्हणून तिच्या खोडाला बायकोच्या साडीची चिंधी बांधली होती. "ह्या एकीपास्नं सारी बाग करीन बघ," म्हणायचा.

अंजनाने मिळतील तेवढ्या काड्या छाटून आणल्या आणि न्हाणीच्या भिंतीलगत मातीच्या पिशव्यांत खोचल्या. थोड्याच दिवसांत डोळे फुटले, पोपटी पानं आली. मग एकेक काडी मान टाकू लागली. पानं काडीतल्या रसावर आधी येतात, मुळं मागनं, हे तिला ठाऊक होतं. पण हात राहीना. हलकेच उपसायची, बघायची, परत खोचायची. एकीला केसासारखी पांढरी मुळं आली होती. ती उपसतानाच तुटली.

सासू भामाबाईंचा जन्म मेंढरांमागं गेलेला. "आगं, गाभण मेंढीच्या पोटात हात घालून कोकरू बघतीस व्हय?"

"काय करू आत्ती? दमच निघत न्हाई."

"त्यो असता तर हात बांधून ठेवलं असतं तुजं."

दोघी हसल्या आणि मध्येच थांबल्या.

शेवटी एकच काडी जगली. अंजनाने ती अंगणात लावली, भोवती बाभळीच्या काट्या रचल्या.

"शेरडांसाठी व्हय गं?"

"न्हाई, माज्यासाठी."

सकाळी बघते तर एक काटी सरकलेली. काडी उभी होती, पण बुडाची माती उकरलेली, पान लोंबणारं. ती गर्रकन वळली. भामाबाई उंबऱ्यावर बसून मनगटावरचे ताजे ओरखडे पदराखाली लपवत होत्या.

"आत्ती, हायत का मुळं?"

"उपटली न्हाई गं. बोट घातलं नुसतं." म्हातारीने बोटाची माती पदराला पुसली. "काय तरी लागलं. मूळ का खडा, कळंना माज्या बोटाला."

अंजना गुडघ्यांवर बसली. तिचंही बोट त्या मातीत गेलं, अर्ध्यावर थांबलं. मग तिने माती ओढून दाबली.

"धरा ती काटी हिकडनं."

दोघींनी मिळून कुंपण पुन्हा रचलं. पान तसंच लोंबत होतं.