मिलिंदचा निरोप्या

मिलिंद गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. हार्ट अटॅक, बालाघाटच्या घरीच, वय बेचाळीस. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग आणि तीनचार जणांनी लिहिलेलं 'देवमाणूस'. मला आधी रागच आला. मिलिंद देवमाणूस मुळीच नव्हता. तो हेकट होता, तिरसट होता, आणि सहा वर्षं माझ्याशी एक शब्द बोललेला नव्हता. मीही नाही... पुण्यानुमोदनाला मी गेलो नाही. महिन्याभराने गेलो, तेही काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, फोन करून बोलावलं म्हणून.

आम्ही दोघे मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एकाच वॉर्डातले. नागपुरात नोकरीला होतो तेव्हा दिवसभर एपीआय तपासायचो. एपीआय म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला प्रश्न विचारायचं दार. ते नीट उघडतं का, उत्तर बरोबर येतं का, हे बघायला वेगळा प्रोग्राम लागतो. आमच्याकडचा प्रोग्राम पोटात अख्खा ब्राउझर घेऊन उठायचा, आधी लॉगिन मागायचा, आणि मिलिंदच्या जुन्या लॅपटॉपचा पंखा धानाच्या गिरणीसारखा घरघरायला लागायचा. एका दुपारी त्याने लॅपटॉप मिटला आणि नोकरी सोडली. मागोमाग मीही सोडली, हा माझा मूर्खपणा. त्याच्या घरच्या वरच्या खोलीत दोन वर्षं बसून आम्ही आमचा स्वतःचा प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं निरोप्या. ब्राउझरची भानगड नाही, थेट मशीनसाठी लिहिलेला, मोबाइलवरच्या एखाद्या फोटोएवढ्या फाइलचा. मिलिंद त्यावर क्लिक करून तोंडाने 'एक' म्हणायचा. तेवढ्यात प्रोग्रामची खिडकी उघडली नाही, तर त्या दिवशी मी लिहिलेलं सगळं काढून टाकायचा. विचारायचाही नाही. तीन आठवडे खपून मी केलेले रंग आणि चिन्हं त्याने चहा निवायच्या आत पुसली. "चांगलं दिसत होतं ना बे?" मी म्हणालो. "हौ. पन जड होतं." संपलं. माफी मागणं त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

मला निरोप्या विकायचा होता. नागपूरच्या एका कंपनीला तो आवडला. त्यांना फक्त लॉगिन हवं होतं, म्हणजे कोण वापरतं ते कळेल. मिलिंदला न सांगता मी लॉगिन बसवलं आणि भर बैठकीत, त्याच्या शेजारी बसून दाखवलं. बैठक संपताच त्याने बॅग उचलली. गोंदियापर्यंत रेल्वेने आलो, पुढे त्याच्या मोटारसायकलवर. राजेगावला, राज्याच्या हद्दीपाशी, त्याने गाडी थांबवली.

"उतर."

"काहून?"

"माह्या मशीनवर, माह्याच कामासाठी, मी कोनाले नाव काहून सांगू बे? तुले गिऱ्हाईक पाहिजे, मले औजार पाहिजे. जा, अपनी दुकान लगा."

आणि मला भर उन्हात बॅगेसकट उभं करून निघून गेला. चूक माझी होती, पण असं कोणी करतं का? मी उलट गोंदियाची बस धरली आणि खरंच दुकान लावलं. ब्राउझरमध्ये चालणारं, लॉगिनवालं. ते चाललंही. मिलिंदने निरोप्या फुकट वाटला, कोणीही उतरवून घ्यावा असा. मी मनातल्या मनात त्याला रोज हरवत होतो.

"बाबू, याच्यात फोटो असतीन त्याचे, काढून दे," काकूंनी लॅपटॉप पुढे केला. पासवर्ड नव्हता. झाकण उघडलं तर समोर निरोप्याच, त्याने ठेवला होता तसा उघडा. मी सोडून गेल्यावर त्याने, उत्तर आलं की नाही ते सांगणारे आकडे काढून त्या जागी आपली बोली घातली होती. उत्तर आलं तर 'हौ'. समोरच्याने दार लावून घेतलं असेल तर 'येऊ नको'. यादीत एकच पत्ता, माझ्या सर्व्हरचा. तिथे विचारलं की तो 'सुरू आहे' एवढंच सांगतो, दुसरं काही नाही. रोज सकाळी साडेसात. कितीतरी महिने 'हौ'. मग 'येऊ नको', 'येऊ नको', 'येऊ नको', तो गेला त्या सकाळपर्यंत.

मला ते ठाऊक होतं. निरोप्या प्रत्येक प्रश्नाबरोबर नाव सांगतो, वापरणाऱ्याचं नाही, स्वतःचं. माझ्याकडच्या नोंदींत ते रोज दिसायचं. मला वाटलं, टपून बसलाय, माझा सर्व्हर कधी पडतो ते बघायला. म्हणून मी त्या नावालाच दार बंद केलं. त्याने नाव बदललं असतं तर आत येता आलं असतं, दोन मिनिटांचं काम. बदललं नाही. आणि विचारायचंही थांबवलं नाही. फोन करायला काय झालं होतं या माणसाला? आणि मला तरी काय झालं होतं...

काकू चष्मा लावून वाकल्या. आपलीच अक्षरं, त्यांना वाचता आली.

"येऊ नको, येऊ नको... कोन म्हनते रे याले?"

"मशीन म्हनते, काकू."

त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला खाली गेल्या. फोटो काढून दिले, चहा घेतला, परत आलो. हे ज्या पेपरच्या पुरवणीसाठी लिहितोय, ती काकू शेवटच्या पानापर्यंत वाचतात. काकू, मशीन नाही. मी म्हणत होतो.