पूर्व तोरणापासून उलटे

"अहो, पंगतीतून जाऊ नका. तिकडून जा, उलटे."

सर हे बोलले तेव्हा त्यांच्या हातात पुरीचा घास होता. जागा सांचीची. मोठ्या स्तूपाला दगडी कठडा आहे, आणि पूर्वेच्या तोरणापासून दक्षिणेकडे वळणाऱ्या फरसबंदीवर आमच्या कॉलेजची सहल जेवायला बसली होती. थंडीचे दिवस, म्हणून उन्हाची बाजू धरलेली. सर आमच्या इतिहास विभागाचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखालचा लेक्चरर, अजून कायम न झालेला. माझी पत्रावळ तोरणाच्या पलीकडे, सावलीत, एकट्याची. सरांच्या पत्नीने पुऱ्या वरून टाकल्या. एक खाली पडली. ती मी उचलली नाही. बाकीच्या खाल्ल्या. भूक लागली होती, खोटे कशाला सांगू?

माझे विद्यार्थी बघत होते. ज्यांना मी आठवडाभर अशोक शिकवला होता, ते. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते, निदान एखाद्याचा चेहरा लक्षात ठेवता आला असता.

नागपूरची राजधानी मोडली आणि नवे राज्य भोपाळला आले, तेव्हा आम्ही सगळे फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर इकडे आलो. टी. टी. नगरात अर्धवट बांधलेली क्वार्टर्स, दारांना रंग नाही, पण मराठी मंडळींचे हळदीकुंकू पहिल्याच महिन्यात सुरू. त्याच्या थोडेच आधी नागपूरच्या मैदानावर मी आईबापांबरोबर दीक्षा घेतली होती. मला वाटले, नवे राज्य, नवे गाव, मीही नवा. कसले काय! नागपूरहून पंगतसुद्धा बदली होऊन आली होती.

तर मी उलटा गेलो. पूर्व तोरणापासून उत्तरेकडे. माझे काम कठड्याच्या खांबांचे होते. त्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. राजे थोडे, साधी माणसे फार. मी खांब मोजत गेलो आणि वहीत टिपत गेलो. बाराव्या खांबावर एका विणकराचे दान निघाले. माझा बाप मागावर जाडेभरडे लुगडे विणायचा. मी त्या अक्षरांवर हात ठेवला आणि रडलो. पलीकडे मठ्ठा वाढणे चालले होते.

पुढचा सगळा हिवाळा मी दर रविवारी पॅसेंजरने सांचीला गेलो. पहिला आकडा उलटा पडला म्हणून सगळे आकडे त्याच क्रमाने पुढे. वही भरली. सरांनी "जरा तपासून देतो" म्हणून ती नेली.

वही गेल्यावरही एका रविवारी मी गेलो. सवय लागली होती. तिथला म्हातारा चौकीदार इतके दिवस मला बघत होता. त्या दिवशी त्याने विचारले, "उल्टे क्यों फिर रिये हो, मियाँ? सब तो सीधे हाथ को रखके घूमते हैं."

मी जागच्या जागी थांबलो. प्रदक्षिणा घालताना स्तूप उजव्या हाताला ठेवायचा, हे पोरालाही ठाऊक. खांबही त्याच क्रमाने मोजायचे. मी उलटे मोजले होते, आणि तसे वहीत कुठेही लिहिले नव्हते. माझा बारावा खांब उत्तरेकडे. वाचणारा तो दक्षिणेकडे शोधणार.

संध्याकाळी धावत सरांच्या क्वार्टरवर गेलो. चूक माझी होती, सुधारायची होती. त्यांनी मला पायरीवरच उभे केले.

"वही वापरली मी," ते म्हणाले. "निबंध छापायला गेला. तुमचं नाव घातलं असतं, पण लोक काय म्हणतील? तुमची मंडळी आत्ता आत्ता बौद्ध झाली. पक्षपाती वाटेल. आणि तुमच्या कायम होण्याचा शेरा मलाच लिहायचाय, नाही का?"

दुरुस्ती माझ्या ओठांवर होती. ती मी गिळली.

"बरं सर," म्हणालो आणि पायरी उतरलो. घरी येईपर्यंत मला हसू येत होते. असे हसू त्याआधी मला कधी आले नव्हते.

महिन्याभराने कॉलेजच्या सभागृहात सरांनी तो निबंध वाचला. प्राचार्य पुढच्या रांगेत, बाहेरगावचे विद्वान, सगळे. शब्द माझे. माझ्या वहीत नसलेली एकच गोष्ट त्यांनी पदरची घातली होती: 'पूर्व तोरणापासून प्रदक्षिणेच्या दिशेने बारावा खांब.' टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो.

"सर, हे खांब आपण स्वतः मोजले?"

"म्हणजे काय? दोनदा."

"प्रदक्षिणेच्या दिशेने?"

"अर्थात."

"मग त्या बाराव्या खांबावर विणकर नाही. तो उत्तरेला आहे. मी उलटा गेलो होतो. दक्षिणेला तुम्ही जेवत होता."

एक विद्वान लगेच निबंधावर पेन्सिलीने खूण करू लागले. सरांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. आजवर 'अहो' म्हणणारा माणूस ओरडला, "तू मला शिकवणार?"

"हो," मी म्हणालो. "बसा."

ते खरेच बसले. त्या क्षणाचे सुख मी आजही लपवत नाही.

शेरा व्हायचा तोच झाला. नोकरी गेली. दुसऱ्या गावी मिळाली, तिथून तिसऱ्या. पण सरांचा निबंध त्यानंतर कोणी हातात धरला नाही, आणि ते निवृत्त होईपर्यंत सांचीचे नाव निघाले की वर्गात खुसखुस व्हायची. हे मला माहीत आहे, कारण मी मुद्दाम विचारत असे.

पुढे माझे पुस्तक आले, खांब उलट्या क्रमानेच मोजलेले. तळटिपेत सरांची चूक, नावानिशी. आता दुसरी आवृत्ती निघते आहे. परवा त्यांच्या मुलीचे पत्र आले. चांगले लिहिले आहे. बाबा आता नाहीत, तेवढी तळटीप काढावी, आणि वाचकांच्या सोयीसाठी खांबांचे आकडे सरळ क्रमाने लावावेत, अशी विनंती.

बाई, तळटीप काढली. तिच्या जागी आता पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत हे घातले आहे: 'या पुस्तकातले खांब पूर्व तोरणापासून उलटे मोजले आहेत, कारण दक्षिणेकडे पंगत बसली होती आणि मला तिच्यातून जाऊ दिले नाही.'

आकडे बदलणार नाही. ज्याला त्या विणकरापर्यंत पोचायचे आहे, तो कोणत्या का जातीचा असेना, त्याने हातात माझे पुस्तक घ्यावे आणि तोरणापाशी उत्तरेकडे वळावे. मला चालायला लावले तसेच त्यानेही उलटे चालावे.