साडूची फटफटी आणि तिचं दावं

माझ्या साडूइतका प्रेमळ बाप आणि माझ्या साडूइतका हेकट मोटारसायकलवाला अख्ख्या नगर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि ही दोन्ही माणसं एकाच शर्टात राहतात हे आमच्या सासुरवाडीचं दुर्दैव आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पारनेरजवळच्या एका गावात राहतो, सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर फॅट काढतो आणि उरलेला वेळ मोटारसायकल पुसतो. जिल्ह्याचं नाव बदललं, गावातली निम्मी घरं स्लॅबची झाली, पण याची फटफटी काही हलली नाही. त्याला मुलगी झाली तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, चला, सुटलो! बाप झालेला माणूस मोटारसायकल विकतो आणि पुढं पिशवी ठेवता येईल अशी स्कूटर घेतो, ही जगरहाटी आहे. मी स्वतः घेतली आहे. हा गृहस्थ बारशाच्या दिवशी बाळाच्या गालाला तीट लावून झाल्यावर तेच बोट घेऊन अंगणात गेला आणि गाडीच्या हेडलाइटला तीट लावून आला. 'दृष्ट काय माणसालाच लागती व्हय?' असं वर मलाच विचारलं.

माझ्या मेव्हणीनं त्याच दिवशी सांगून टाकलं, 'पोरगी या गाडीवर बसणार न्हाई.' यानंही सांगून टाकलं, 'मग मी एसटीत बसणार न्हाई.' आता अशा दोन माणसांनी पोरीला डोस द्यायला नगरला कसं यावं? तर मेव्हणी आणि पोरगी एसटीत, आणि हे महाराज मोटारसायकलवर एसटीच्या मागं. पुढं नाही, मागं! एसटी थांबली की हा थांबणार, खिडकीखाली जाऊन 'ऊन लागतंय का? टोपडं घातलं का?' असं खालून ओरडणार, आणि एसटी हलली की पुन्हा धूर खात तिच्या मागं. एकदा कंडक्टर वैतागून मेव्हणीला म्हणाला, 'ताई, मालकांना सांगा, एक तर आत या न्हाईतर पुढं जा. आमच्या ड्रायव्हरला वाटतंय चेकिंगवाले मागं लागलेत!' त्या दिवशी हा आमच्या घरी पोचला तेव्हा तोंड बुक्का फासल्यासारखं काळं झालं होतं, आणि पोरगी बापाला ओळखेना. मी म्हटलं, 'अहो पाव्हणं, तिकीट काढून आईशेजारी बसला असता तर काय बिघडलं असतं?' तर म्हणे, 'गाडीला एकटं वाटलं आसतं.' कपाळ माझं!

बरं, पोरीवर माया नाही म्हणावं तर तसंही नाही. दुपारी पोरगी झोपलेली असायची म्हणून हा कोपऱ्यावरच इंजिन बंद करून ते अवजड धूड चढावरून ढकलत घरी आणायचा. घामाघूम व्हायचा, पण आवाज करायचा नाही. आठवडाभर हा प्रकार चालला आणि एके दिवशी मेव्हणी रडकुंडीला येऊन म्हणाली, 'आवाज करत येत जा. तिची झोप मोडली तरी चालंल.' त्याला काही कळेना. मला कळलं, कारण मी त्या घरचा थोरला जावई. माझे सासरे मोटारसायकलवरून बाजाराला गेले होते ते परत आलेच नाहीत; मेव्हणी तेव्हा चौथीत होती. घरात सगळे जेवायचे थांबले होते, पोरं उंबऱ्यात बसली होती आणि आवाज काही आला नाही. तेव्हापासून घरचं माणूस गाडीवर बाहेर असलं की तिच्या घशाखाली घास उतरत नाही. कोपऱ्यावर फटफट ऐकू आली की ती ताटं घेते. रागावत नाही, भांडत नाही, नुसती उपाशी बसते.

हे मी साडूला समजावून सांगितलं. एकदा नाही, दर सणाला सांगितलं. माझ्या वर्गातल्या ढ पोरालाही इतक्या वेळा सांगून पाढा पाठ झाला असता. हा मान हलवायचा, 'व्हय, खरं हाय तुमचं' म्हणायचा आणि फडक्यानं स्पोक पुसायला बसायचा. एकदाच चिडून बोलला. 'साडूभाऊ, बाप झाल्यावं माणसाचं समदंच काढून घ्यायचं आसतं का वो? झोप गेली, ताशपत्ते गेले, मी काय बोललो का? एवढी एक गाडी हाय माझी.' मला त्याचा इतका राग आला की मी चहा न घेता निघालो, आणि वाटेत आठवलं की माझी गाडी विकली त्या दिवशी मलाही असंच वाटलं होतं. पण परत फिरलो नाही. असलं थोरल्या साडूनं बोलून दाखवायचं नसतं.

मग या उन्हाळ्यात एक दिवस त्याची चेन तुटली. मोबाईलही मेलेला. बाराला जेवायला येणारा माणूस तीनला घरी आला. पुढचं त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडं बघत नव्हता. 'दोघी उंबऱ्यात बसल्या हुत्या. पोरगीबी. आता तीन वर्साची न्हाई ती अजून. तिच्या म्होरं भाकरी तशीच. म्हटलं, जेवली का न्हाई गं? तर म्हनती, गाडी वाजली की जेवायचं आसतं. तिला कोनी शिकवलं न्हाई वो. बघून बघून शिकली.' मग म्हणाला, 'काष्टीच्या बाजारला येता का?'

मोटारसायकल विकायला माणूस काष्टीच्या जनावरांच्या बाजारात कशाला जाईल? पण याच्या बापानं सगळे बैल तिथंच विकले होते, तेव्हा हिलाही तिथंच न्यायचं. घरी नुसतं 'बाजारला चाललो' एवढंच सांगितलं. मी मागं बसलो. माझ्या पाठीचं काय झालं ते विचारू नका. म्हशींच्या दावणीशेजारी यानं गाडी उभी केली. दुपारपर्यंत एक पटकेवाले म्हातारे बाबा आले, गाडीभोवती दोनदा फिरले, सीटवर थाप मारली आणि पोरासाठी पसंत केली. कागदावर सह्या झाल्या. बाबांनी किल्लीसाठी हात पुढं केला, तर यानं किल्ली खिशात टाकली!

'किल्ली न्हाई मिळायची,' साडू म्हणाला. 'जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत.'

मी डोक्याला हात लावला. 'अहो, बैलाच्या गळ्यातलं दावं आणि गाडीची किल्ली एक का? चालवायची कशी त्यांनी?' पण बाबांनी मलाच गप्प केलं. 'सर, तुमी थांबा. बरोबर बोलतंय पोरगं. दावं कोन देतंय? लक्षुमी जाती त्याच्यासंगं. आमी नवं लॉक बसवून घिऊ.' आणि खरंच, त्या शहाण्या माणसानं टेम्पो आणला, चौघांनी गाडी वर चढवली आणि चालू न करताच नेली. एवढं सगळं बघून मला हसावं की रडावं कळेना. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत साडू म्हशींच्या मधे उभा होता.

परतताना आम्ही एसटीत बसलो. मी त्याला खिडकी दिली. काष्टी मागं पडल्यावर तो एकदम दचकून म्हणाला, 'साडूभाऊ, घरी फोन लावा. आता आवाज न्हाई यायचा, तिला कळनार कसं?' मी फोन लावून त्याच्या हातात दिला.

'निघालोय,' तो म्हणाला. 'एसटीनं.'

फोन कानाला घट्ट धरला होता, तरी मला तिचं ऐकू आलं. 'आन् गाडी?'

'दिली.'

तो 'हॅलो, हॅलो' करत राहिला. मग ताटं मांडल्याचा आवाज आला, आणि मेव्हणी म्हणाली, 'मग आमी जेवून घेतो.'